लॅमिंग्टन रोडचा बाजार आणि अभ्यासिकेचा संगणक

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून थोडे चालले की मुंबईचा संगणक बाजार सुरू होतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले तरी दुकानदार, टॅक्सीवाले आणि गिऱ्हाईक सारे त्याला अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. फुटपाथवर वायरी, चार्जर आणि रिमोटचे ढीग, आत अरुंद गाळ्यांत छतापर्यंत रचलेले खोके. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून आम्ही शनिवार गाठला.

आम्ही तिघे एकाच उर्दू शाळेतले शिक्षक. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी संगणक घ्यायचा होता. प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मुलींना एसटी स्टँडपलीकडे जावे लागते. संध्याकाळी घरचे पाठवत नाहीत आणि अर्जाची तारीख निघून जाते. दहा-वीस, पन्नास, शंभर करत तीस हजार रुपये जमले होते. लोकांची अमानत, तेव्हा खर्च विचारूनच करायचा.

पहिल्या दुकानात एक प्रोसेसर फार स्वस्त सांगितला. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर होते. इंटेलच्या अशा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. तिथली बचत कार्डात गेली असती. आम्ही शुक्रिया म्हणून पुढे निघालो.

पुढे दोन जोड्या समोर आल्या. एक एएमडीचा रायझन ५ ५६००जी, सहा कोअरचा, एएम४ सॉकेटवर बसणारा. दुसरा इंटेलचा कोअर आय-३ १२१००, चार कोअरचा, एलजीए १७०० सॉकेटचा. दोघांतही ग्राफिक्स आहे. जड कामाला रायझन सरस, पण आमचे काम अर्ज, टायपिंग, हिशेब आणि ऑनलाइन तासांचे. त्याला चार कोअर पुरतात. शिवाय १७०० सॉकेटवर इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. म्हणजे उद्या पैसे जमले, तर मदरबोर्ड तोच ठेवून प्रोसेसर तेवढा बदलता येईल. आय-३ ठरला.

खरा वेळ गेला मदरबोर्डात. एच६१० चिपसेटचे बोर्ड स्वस्त असतात, पण सगळे सारखे नसतात. काहींत डीडीआर४ रॅम बसते, काहींत डीडीआर५. एकीची खाच दुसरीत जुळत नाही. काहींत एम.टू एसएसडीची जागाच नसते. आमच्याकडे देणगीत आलेला मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए वायरीचा. म्हणून आम्ही प्रत्येक खोक्याची मागची बाजू वाचली: डीडीआर४, एम.टू, व्हीजीए, रॅमचे दोन खाने. चौथ्या दुकानात चारही गोष्टी एका बोर्डात मिळाल्या. आठ जीबीची एकच रॅम घेतली, दुसरा खाना पुढच्यासाठी मोकळा ठेवला.

या सॉकेटमध्ये बारीक पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. बोट लागले तरी वाकतात, आणि वाकलेली पिन सहसा वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून बसवण्याचे काम दुकानातच, समोर उभे राहून करून घेतले. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण मागून खोक्यात ठेवले. यंत्र चालू करून बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचे नाव आणि रॅमचा आकडा पाहिला. मग जीएसटीचे पक्के बिल, त्यावर प्रोसेसर आणि बोर्डाचे सीरियल नंबर. दुकानदार भाईंनी थोडी कुरकुर केली, पण लिहून दिले.

सारे मिळून सत्तावीस हजारांच्या आत बसले. उरलेल्यातून त्याच रस्त्यावर एक छोटा यूपीएस घेतला, कारण आमच्याकडे वीज नेमकी संध्याकाळी जाते.

बिलाची झेरॉक्स अभ्यासिकेच्या दाराशी लावली आहे. मगरिबनंतरचे दोन तास मुलींसाठी ठेवले आहेत. वहीत पहिल्याच आठवड्यात अकरा अर्जांची नोंद झाली.