हिंवाळ्यांतील एक संगम

ज्या गांवाच्या नांवाचा अर्थच ‘निर्मळ पाणी’, त्या गांवीं मी गेलों तेव्हां कांठचें पाणी बर्फाखालीं दडलेलें होतें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत, मिनियापोलिसच्या पूर्वेस सुमारें ९० मैलांवर, ओ क्लेअर नांवाचें शहर आहे. नांव फ्रेंच भाषेंतलें. त्याच नांवाची नदी येथें चिपेवा नदीस मिळते. मुलीकडे राहावयास गेलों असतां जानेवारींतील एका रविवारीं जांवयांनीं मला तेथें नेलें. ना घाट, ना देऊळ. एका बाजूस फिनिक्स पार्क नांवाचें उद्यान, पायीं जाणारांसाठीं पूल, आणि पलीकडे २०१८ सालीं उघडलेलें कलामंदिर. पण संगम तो संगमच! हातमोजे घातलेले माझे हात आपोआप जोडले गेले.

“अण्णा, ह्या गांवच्या एका गाणाराची हकीकत तुम्हांस आवडेल,” असें म्हणून जांवयांनीं ती पुलावरच सांगितली.

गाणाराचें नांव जस्टिन व्हर्नन. तो स्वतःच गीतें रचतो व स्वतःच गातो. २००६ सालीं उत्तर कॅरोलिना राज्यांत असतां त्याच्या साथीदारांचा संच मोडला. त्यांतच तो आजारी पडला. नोव्हेंबरांत तो घराकडे परतला आणि शेजारच्या डन परगण्यांत वडिलांची रानांतली लांकडी झोंपडी होती, तींत एकटा जाऊन राहिला. सरपण फोडावें, शिकार करून पोट भरावें, आणि उरलेल्या वेळांत गावें, असे सुमारें तीन महिने त्यानें काढिले. ध्वनिमुद्रणाचें साहित्य म्हणावें तर एक साधा मायक्रोफोन व एक संगणक.

त्याची रीत ऐकून मला आपल्या गवयांच्या नोम्‌तोम्‌ची आठवण झाली. आधीं निरर्थक अक्षरांवर तो चाल गाई. मग तेंच पुनःपुन्हां ऐकून त्यांत कोणते शब्द दडले आहेत तें शोधी. आपल्याच आवाजावर आपलाच दुसरा, तिसरा आवाज चढवून त्यानें एकट्याचा मेळा उभा केला. बव्हंशीं त्या झोंपडींत झालेलीं तीं नऊ गीतें २००७ सालीं त्यानें स्वतःच प्रसिद्ध केलीं. पुढच्या वर्षीं कंपन्यांनीं तीं जगभर नेलीं. ‘चांगला हिंवाळा’ ह्या अर्थाचे फ्रेंच शब्द थोडे मोडून त्यानें आपलें नांव ‘बॉन इव्हेर’ ठेविलें. २०१२ सालीं त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळालें.

परंतु मला महत्त्वाचें वाटलें तें पुढेंच आहे. सभेंत गावयास उभें राहतांच अडचण आली. यंत्रांत दहा कंठ, रंगमंचावर एकच! तेव्हां त्यानें साथीदार जमविले, आणि श्रोत्यांनाही आपल्याबरोबर गावयास लाविलें. कीर्तनांत बुवांचें ध्रुपद झीलकरी उचलतात, तसेंच हें नव्हे काय? एकांतांत जन्मलेलें गाणें सभेंत आलें, तेव्हांच त्याला खरे झीलकरी मिळाले.

परततांना डन परगण्यांतून मोटार जात होती. दोहों बाजूंस पांढरीं शेतें व निष्पर्ण झाडें. जांवयांनीं तीं गीतें लाविलीं. इंग्रजी उच्चार मला नीटसे कळले नाहींत. पण त्या आवाजामागें एका बंद खोलीचा भास होता, आणि तो मला अस्वस्थ करूं लागला. कारण सांगावयास संकोच वाटतो; तरी सांगतों.

माझ्या पत्नीस पाळणे रचण्याचा नाद होता. आळींत बारसें असलें कीं त्या बाळाच्या नांवाचा नवा पाळणा ती जुळवी. एकदां स्वयंपाक करतां करतां ती गात असतां मुलगी तें मोबाइलवर मुद्रित करीत होती. मी बाहेरून आलों आणि मास्तरी थाटांत म्हणालों, “थांबा! कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावर भाजीवाल्याची ओरड. हें काय ध्वनिमुद्रण? शांत दिवशीं नीट करूं.” तो शांत दिवस उगवला नाहीं. पुढच्या चैत्रांत ती गेली. तिचें गाणें म्हणून आज आमच्यापाशीं दीड कडवें आहे, आणि त्याच्या शेवटीं माझें ‘थांबा’.

तीन वर्षें मीं तें ऐकलें नव्हतें. त्या रात्रीं मुलीस म्हटलें, “लाव तें.” कुकरची शिट्टी झाली, भाजीवाला ओरडला. ज्यांना मीं दोष म्हटलें, तींच आतां आमच्या घराचीं खूण होऊन बसलीं होतीं. वाचकहो, आपल्या घरांत कोणी गात असेल तर शांत दिवसाची वाट पाहूं नका.

‘थांबा’ आलें आणि यंत्र गप्प झालें. मी मान खालीं घालून बसलों होतों. इतक्यांत मुलीनें पुढचें कडवें आपल्या आवाजांत उचललें. तिला तें पाठ होतें, हें मला ठाऊकच नव्हतें! नात शेजारीं येऊन बसली. ध्रुपद आलें तेव्हां आईबरोबर तीही म्हणूं लागली. आणि बेसूर कां होईना, मीही.