जेऊर, कुर्डुवाडी आणि एक लहान इंजिन

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या गाडींतील फारच थोडे उतारू जेऊरास उतरतात. भिगवण मागें पडून उजनीच्या जलाशयाची रुपेरी पट्टी दिसूं लागली, कीं मंडळी रोहित पक्षी पाहण्यासाठीं खिडक्यांशीं दाटी करतात. आणि पाणी दृष्टीआड झालें, कीं पुन्हां पेंगूं लागतात. त्यानंतर केव्हां तरी जेऊर येतें. आम्हीं मात्र गेल्या पौषांत मुद्दाम जेऊरासाठींच घर सोडलें होतें. आमच्या वडील भगिनी तेथें एकट्या राहतात. "मुलगा चार दिवस आला आहे. तूं येऊन त्याच्याशीं काय तें बोल," असा त्यांचा निकडीचा निरोप आला होता, आणि 'काय तें' म्हणजे काय, याचा उलगडा आम्हांस प्रवासभर झाला नव्हता.

करमाळें तालुक्यांतील लोकांनीं आगगाडी गांठावयाची ती जेऊरास. १८६० सालीं मुंबईचा रूळ सोलापुरास पोहोंचला, त्या काळीं भीमेच्या या अंगास शाळूचीं शेतें आणि उन्हाळ्यांत भेगाळणारी जमीन यांखेरीज प्रवाशास फारसें कांहीं दिसत नसावें. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि चित्र पालटलें. कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. जीं उरलीं त्यांच्या शिवारांत ऊस आला, केळी आली. जवळच्या कंदरचीं केळीं आज आखाती देशांत जातात. ज्यांचीं शेतें बुडालीं आणि ज्यांचीं भिजलीं तीं घरें मात्र एकच नव्हेत, हेंही ताईंच्या ओसरीवर घटकाभर बसलें कीं ऐकूं येतें.

जेवणें आटोपल्यावर ताईंनीं विषय काढला. आमचा भाचा बंगळूरास एका कारखान्यांत जेट इंजिनांच्या चाचणीचें काम करतो. परदेशांतील एका इंजिनाच्या कारखान्यानें त्याला बोलावलें होतें. पगार येथल्या कैक पटींनीं अधिक. उत्तर पंधरा दिवसांत द्यावयाचें. "जा म्हणवत नाहीं, आणि राहा म्हणावें तर दहा वर्षांनीं तो मलाच विचारील," ताई म्हणाल्या. खरें सांगावयाचें, तर आम्ही त्याला "जा" असें सांगावयाचें मनाशीं ठरवूनच चुकलों होतों. तरुण माणसानें बाहेर पडावें, जग पाहावें, हें मत आम्हीं या वयापर्यंत इतरांच्या मुलांच्या बाबतींत फुकट वाटलेलें आहे.

सायंकाळीं ओसरीवर बसलों असतां आकाशांत एक पांढरी रेघ उमटत पूर्वेकडे निघाली. आम्हीं तिच्याकडे बोट दाखवून, "हींच का तुझीं इंजिनें?" असें विचारलें.

"तें मोठें विमान आहे, मामा. माझा जीव गुंतला आहे तो लहानांत."

लहान म्हणजे कारखानदार, शल्यवैद्य, मंत्री अशा घाईच्या लोकांचीं पांचसहा माणसांचीं विमानें. त्यांना इंजिनही लहान लागतें. केवढें लहान, तें दाखवण्यासाठीं त्यानें स्वयंपाकघरांतून ताईंची काठवट उचलून आणली. होंडा आणि जनरल इलेक्ट्रिक या दोन कंपन्यांनीं भागीनें केलेल्या एच. एफ. १२० या इंजिनाचा पुढला पंखा साडेअठरा इंच व्यासाचा आहे, म्हणजे आपला एक हात आणि वर अर्धा इंच. ताईंची काठवट त्याहून कांकणभर मोठीच भरली. एवढासा पंखा आणि त्यामागचें यंत्र मिळून दोन हजार पौंडांच्या आसपास रेटा देतात. अशीं दोन इंजिनें होंडाच्या विमानाच्या पंखांवर, वरच्या अंगास, खांबांवर बसवलेलीं असतात.

आम्हांस वाटलें, मोठें इंजिन करतां आलें कीं लहान करणें सोपें. परातीवरून वाटी करावी तसें. भाचा हंसला. "लहान इंजिन ही मोठ्या इंजिनाची लहान प्रत नव्हे, मामा," असें म्हणून त्यानें जें समजावून दिलें, तें आम्हांला समजलें तेवढें वाचकांपुढें ठेवतों. इंजिनांत हवा दाबणारीं पातीं एका कवचांत फिरतात. पातें कवचाला घांसूं नये म्हणून मध्यें बारीक फट ठेवावी लागते. मोठ्या इंजिनांत पातें मोठें, त्यामानानें फट नगण्य. लहान इंजिनाचें शेवटचें पातें बोटाच्या पेराहूनही आंखूड. पण फट त्याच प्रमाणांत बारीक करतां येत नाहीं, कारण धातू तापला कीं फुगणारच आणि आंस थोडा तरी हालणारच. मग दाबलेली हवा त्या फटींतून मागें निसटते, आणि जाळलेलें तेल तेवढें वायां जातें. शिवाय पात्याच्या टोंकाचा वेग राखावयाचा, तर लहान चाक मोठ्यापेक्षां अधिक भराभर फिरवावें लागतें. जळत्या वायूंत राहणारीं पातीं आंतून हवा खेळवून थंड ठेवण्याची युक्ति मोठ्या इंजिनांत चालते. लहान पात्यांत त्या वाटा कोरावयास जागाच पुरत नाहीं. तात्पर्य, लहानाचा विचार मुळापासून निराळा करावा लागतो.

यांतील भागीची हकीकत आम्हांला अधिक उद्बोधक वाटली. दोन्ही कंपन्यांनीं २००४ सालीं निम्म्या निम्म्या वांट्यानें ही मंडळी उभारली. जनरल इलेक्ट्रिक ही विमानाच्या इंजिनांतली जुनी, मातबर कंपनी. होंडाची कीर्ति मोटारींची आणि फटफट्यांची. मग बरोबरीचा पाट कसा मिळाला? होंडानें १९८६ पासूनच या विषयांत शोध चालवला होता. अठरा वर्षें तिनें विकावयास कांहीं नसतांना हात काळे केले, आणि भागीची बोलणीं झालीं तेव्हां एच. एफ. ११८ नांवाचें स्वतःचें इंजिन तिच्या पदरीं होतें. तें २००३ च्या डिसेंबरांत होंडाच्याच विमानाला लावून उडवलेंही होतें. तिला उणें होतें तें परवानगी मिळवण्याचा अनुभव, दुरुस्तीची व्यवस्था आणि गिऱ्हाइकाचा विश्वास. तें दुसऱ्या भागीदारानें आणलें. तरीसुद्धां इंजिनाला अमेरिकन सरकारचें प्रमाणपत्र मिळावयास २०१३ चा डिसेंबर उजाडला.

"आपल्याकडे अशी भागी कोणीं केली नाहीं, एवढेंच दुर्दैव," आम्ही म्हणालों.

"केली होती कीं! आणि ती करणारा आपल्याच जिल्ह्याचा. उद्यां मला पोंचवावयास कुर्डुवाडीपर्यंत चला."

दुसऱ्या दिवशीं केम मागें टाकून कुर्डुवाडीस पोहोंचलों. बंगळूरची गाडी यावयास दोन तास अवकाश होता. कुर्डुवाडीचें जुनें नांव बार्शी रोड. येथून १८९७ सालीं बार्शीपर्यंत जी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली, ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची कृति. तिचे रूळ आतां रुंद झाले, परंतु तिच्यासाठीं उभारलेला रेल्वेचा कारखाना कुर्डुवाडींत अद्याप आहे. बार्शी लाइट रेल्वेला आपल्याकडील लोक कौतुकानें खेळण्यांतली गाडी म्हणत. पण कॅलथ्रॉपनें मोठी गाडी आंखडून लहान केली नव्हती. दर आंसावर पांच टनांहून अधिक भार यावयाचा नाहीं, हा एक नियम त्यानें धरला, आणि इंजिनापासून मालाच्या डब्यापर्यंत सर्व वाहनें त्या नियमावर नव्यानें बेतलीं. म्हणून हलक्या रुळांवरून ती भरपूर माल ओढूं शकली. गाडी येथें धांवण्यापूर्वीं इंग्लंडांत लीड्सजवळ त्यानें ते डबे तज्ज्ञांना चालवून दाखवले होते. भाच्याचें कालचें वाक्य शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं याच भूमींत रुजलेलें पाहून आम्हांस मौज वाटली. या कॅलथ्रॉपची पुढली गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानीं असेल. रोल्स-रॉईस या नांवांतील चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. १९१० सालीं रोल्स विमान कोसळून मेला. पुढें कॅलथ्रॉपनें वैमानिकांचे प्राण वांचवण्यासाठीं 'गार्डियन एंजल' नांवाची हवाई छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धांत ती शत्रूच्या मुलखांत हेर उतरवण्यास उपयोगी पडली; ब्रिटिश वैमानिकांना मात्र सरकारनें ती दिली नाहीं.

याच बार्शी लाइट रेल्वेचा येडशी ते तडवळें हा सात मैलांचा तुकडा बांधण्याचें काम १९०३ च्या सुमारास दोन भागीदारांनीं घेतलें. एक लक्ष्मणराव बळवंत फाटक, रेल्वेंतले माजी कारकून. दुसरे सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद. एकाला कामाची माहिती, दुसऱ्यापाशीं पैसा आणि धाडस. 'फाटक-वालचंद' ही भागी त्यांतून पुढें आली. कारकुनाचें शहाणपण आणि पेढीवाल्याचें भांडवल एका पाटावर बसलें, हें आम्हांस मोठें सुलक्षण वाटतें. आपल्या पांढरपेशा घरांत अजूनही कारकुनी हा शेवटचा मुक्काम समजला जातो.

वालचंदांनीं पुढें आगबोटी काढल्या, साखर काढली. आणि १९३९ सालीं प्रवासांत विल्यम पॉली या विमानांच्या व्यवसायांतील अमेरिकन गृहस्थाशीं गांठ पडतांच विमानांचा ध्यास घेतला. १९४० च्या डिसेंबरांत बंगळूरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. म्हैसूर संस्थानानें जमीन दिली, भांडवल दिलें. पुढें हिंदुस्थान सरकारही भागीदार झालें. आठ महिन्यांत, १९४१ च्या ऑगस्टांत, हार्लो जातीचें शिकाऊ विमान तेथून उडालें. परंतु जपान दाराशीं येऊन ठेपल्यावर १९४२ च्या एप्रिलांत सरकारनें वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि सव्वा वर्षांतच सोलापूरकराची ही भागी संपली. त्या विमानांचें इंजिन परदेशांतून आलेलें होतें. सांगाडा आठ महिन्यांत जुळला, इंजिनाचें काय?

"इंजिनें पुष्कळ केलीं, मामा," भाचा फलाटावर येरझारा घालीत म्हणाला. "नॅटसाठीं ऑर्फियस केलें, डॉर्नियरसाठीं गॅरेटचें केलें, सारीं परवान्यावर. परवान्याच्या कागदांत फट किती ठेवावयाची तें असतें. तेवढीच कां, तें नसतें." मग जरा थांबून म्हणाला, "तें 'कां' ठाऊक झालें, म्हणजे भागीच्या पाटावर बरोबरीनें बसतां येतें. एरव्हीं पंगतींत वाढपी."

बंगळूरच्या त्याच मूळ कारखान्याच्या वारस संस्थेनें, हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें, स्वतः आंखलेल्या एच. टी. एफ. ई.-२५ या इंजिनाचा गाभा २०१५ च्या डिसेंबरांत प्रथम चालवून पाहिला. शिकाऊ विमानें आणि हीं घाईच्या लोकांचीं लहान विमानें, असा त्याचा हेतु. त्याच महिन्यांत होंडाच्या विमानाला अमेरिकेंत प्रमाणपत्र मिळालें. एकाचा गाभा फिरला, दुसऱ्याचें विमान विकावयास निघालें. तें अंतर किती वर्षांचें, असें आम्ही विचारणार होतों. पण १९८६ चा आंकडा कालच ऐकला होता, म्हणून गप्प राहिलों. 'जा' हा सल्लाही तसाच ओठांत राहिला. तिकडे फट कां तेवढी ठेवतात, हें परक्याला कोणी सांगेल काय, असें मात्र आम्हीं विचारलें.

"कांहीं सांगतील. बरेचसें नाहीं सांगणार," तो म्हणाला. "पण तेथें चुकावयास यंत्रें पुष्कळ आहेत. येथें एक इंजिन फुटलें, तर दुसऱ्यासाठीं वाट पाहावी लागते."

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ताई बांकावर बसून शिदोरीची गांठ पुन्हां पुन्हां आवळीत होत्या. दशम्या होत्या आणि शेंगांची चटणी होती. गाडीचा दिवा दूर दिसूं लागला, तेव्हां त्यांनीं गांठोडें त्याच्या हातीं दिलें आणि विचारलें, "तिकडे अमेरिकेला जाईपर्यंत या टिकतील का रे?"

"आई, आज तरी बंगळूरपर्यंत टिकल्या म्हणजे झालें," तो म्हणाला, आणि वांकून आम्हां दोघांस नमस्कार करून डब्यांत चढला.