आमच्या गावची नटी

गेल्या महिन्यात एका सायंकाळी माझी भाची दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराचा जिना धावतच चढून आली. मुंबईहून एका दैनिक मालिकेच्या ऑडिशनसाठी तिला बोलावणे आले होते आणि तिची पदवीपरीक्षा चार महिन्यांवर होती. "आत्या, बाबांना तूच समजाव. तुझे ते ऐकतात," ती म्हणाली. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, "आधी परीक्षा, मग बघू," एवढेच सांगितले होते.

आमच्या घरात 'मग बघू' ह्या शब्दांचा अर्थ काय होतो, हे मी चांगले जाणून आहे. चाळीस वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील नाटकांत मी लागोपाठ दोन वर्षे काम केले. तिसऱ्या वर्षी तालमीस निघाले असता वडील दारात उभे राहून हेच दोन शब्द बोलले. पुढे कोणी काही बघितले नाही.

आमच्या गावाचीही मोठी गंमत आहे. गंधर्व नाटक मंडळीस सयाजीराव महाराजांचा राजाश्रय होता. बालगंधर्वांचा शालू, त्यांची लकब, त्यांचे गाणे ह्यांची वर्णने करताना आमच्या आजोबांचे डोळे भरून येत. पुरुषाने नेसलेल्या शालूचे एवढे कौतुक करणाऱ्या त्या घरांतून मुलीला मात्र रंगमंचाची पायरी चढू देत नसत.

असे असूनही मालिकांविषयी माझे मत काही चांगले नव्हते. एका थपडेचा आवाज तीनदा ऐकवायचा आणि पाणावलेल्या डोळ्यांवर भाग संपवायचा, ह्यात कला कोणती? हा प्रकार मुळातच व्यापाराचा. अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात रेडिओवर अशा कथा लागत, त्यांचा खर्च साबणाचे कारखानदार करीत. म्हणून त्यांना साबणाचेच नाव चिकटले. आपल्याकडे 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' आली आणि घरोघरी जेवणाची वेळ बदलली. भाचीला मी हे सर्व ऐकविले. तिने शांतपणे एकच नाव घेतले, "श्रेणू पारीख." ती आमच्या गावची मुलगी, तेव्हा मला गप्प बसणे भाग पडले. भाची गेल्यावर तिची हकिगत मी जुळवून पाहिली.

श्रेणू पारीख हिचा जन्म 1989 च्या नोव्हेंबरात येथेच वडोदऱ्यास झाला. 2010 साली, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर, 'गुलाल' मालिकेतून ती पडद्यावर आली. 2011 मध्ये 'हवन', 2012 मध्ये 'ब्याह हमारी बहू का'. ह्यातील शेवटचीत नायिकेची भूमिका मिळाली, परंतु ती मालिका काही महिन्यांतच आटोपली. खरे नाव झाले ते 2013 मध्ये सुरू झालेल्या 'इस प्यार को क्या नाम दूँ? एक बार फिर' ह्या मालिकेने. तीत ही गुजराती मुलगी आस्था नावाच्या मराठी सुनेच्या वेषात वावरली. आमच्या आळीतील बायका तिच्या कुंकवाची, मंगळसूत्राची परीक्षा करीत आणि बहुधा तिला उत्तीर्ण करीत! पुढे 2017 मध्ये 'दिल बोले ओबेरॉय'मधील गौरी आली. मला स्वतःला आवडली ती 2019 ची 'एक भ्रम : सर्वगुण संपन्न'. जिच्या सद्गुणांचे सारे घर गोडवे गाते, ती सून मनात सूड बाळगून आहे, अशी ती कल्पना. तीही मालिका त्याच वर्षी संपली.

ही नावे आपण भराभर वाचून जातो. दोन नावांच्या मध्ये जे रिकामे महिने असतात, ते मात्र कोठे छापले जात नाहीत. आणि काम असते तेव्हा ते कसे? वीस-बावीस मिनिटांचा भाग रोज दाखवावयाचा, म्हणून बारा-बारा तास चित्रीकरण. सेट गोरेगावला, मीरा रोडला, नाहीतर नायगावला. संवादांचे कागद पुष्कळदा त्याच दिवशी हातात पडतात. कामाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी मिळण्याची त्या धंद्यात रीत आहे. दर आठवड्यास टीआरपीचे आकडे येतात. ते घसरले की कथा वीस वर्षे पुढे उडी घेते आणि पंचविशीतल्या मुलीला तरुण मुलाची आई व्हावे लागते, नाहीतर मालिकाच बंद होते. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे सगळी चित्रीकरणे थांबली, तेव्हा रोजावर काम करणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल! जुलैत श्रेणूलाही त्या आजाराने रुग्णालयात जावे लागले, हे तिने स्वतःच जाहीर केले होते. पुढल्या वर्षी ती 'घर एक मंदिर' मालिकेत पुन्हा कामाला लागली. तीतील तिचा सहकलाकार अक्षय म्हात्रे हा मराठी नट. त्याच्याशी 2023 च्या डिसेंबरात तिचा विवाह झाला, तोही वडोदऱ्यासच.

हे सर्व घेऊन मी दादाकडे गेले. मुलीची तरफदारी करावयाची नाही, फक्त हकिगत सांगावयाची, असे ठरवून गेले होते. नव्वद दिवसांची गोष्ट आली तेव्हा तो वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "मग तोवर ही राहणार कुठे? खाणार काय?"

वडिलांनी मला असा एकही प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटले, "सहा महिन्यांचे भाडे मी माझ्या पेन्शनीतून देईन. आणि पहिला महिना तिच्याजवळ राहीन."

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ह्या ऑडिशनला नको. परीक्षा संपली की जा दोघी. तारीख मी लिहून देतो." त्याने खरोखरच भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने खूण केली.

भाचीला ते मुळीच पटले नाही. हातची संधी गेली म्हणून ती रडली आणि पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. संधी गेली ती गेलीच. काल मात्र पुस्तके घेऊन अभ्यासाला आली. रात्री निघताना जिन्यावर थांबून विचारले, "आत्या, नायगाव स्टेशनाजवळ दोघींपुरती खोली किती भाड्याने मिळेल गं?"

मी चौकशी करीत आहे.