आधी कान

पावसाळ्यात गगनबावड्याहून येणारा फोन हमखास मध्येच तुटतो. करूळ आणि भुईबावडा या घाटांच्या माथ्यावरचे ते गाव. ढग तिथे उंबऱ्यापर्यंत येतात. फोन तुटला की आम्ही स्वतःच पुन्हा लावतो. मुलाच्या स्पीच थेरपीसाठी पहिला फोन करणाऱ्या आईने त्यासाठी कित्येक दिवस धीर गोळा केलेला असतो. तो तिला दुसऱ्यांदा होईलच असे नाही.

"ताई, पोरगं साडेतीन वर्षांचं झालं, अजून आईसुद्धा म्हणत नाही." मागून आजींचा आवाज येतो, "त्येचा बापबी उशिराच बोलला व्हता!" आई गप्प होते. ग्रहणात विळी हातात धरली इथपासून मोबाईल दाखवला इथपर्यंत सारा दोष घराने तिच्याच पदरात घातलेला असतो. आम्ही तिला परसात जाऊन बोलायला सांगतो.

मग विचारतो, "मागून हळू हाक मारली तर वळतो का?"

"ऐकू येतंय की! फटाका वाजला की दचकतंय."

या उत्तराचे आम्हांस भय वाटते. फटाका ऐकणाऱ्या कानाला 'स', 'फ' यांसारखे नाजूक ध्वनी ऐकू येतीलच असे नाही आणि जे कानी पडले नाही ते जिभेवर कुठून यावे? काही वर्षांपूर्वी असेच उत्तर ऐकून आम्ही एका मातेला, केवळ तिला बरे वाटावे म्हणून, सहा महिने थांबायला सांगितले होते. पुढे मुलाच्या श्रवणातच दोष निघाला. भाषा रुजण्याच्या वयातले ते सहा महिने आम्ही त्याला कुठून परत देणार?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात प्रभू त्या बहिऱ्या-बोबड्या माणसाला गर्दीपासून बाजूला नेतो, आधी त्याच्या कानांत बोटे घालतो आणि मग जिभेला स्पर्श करतो. स्नानसंस्काराच्या 'इफ्फाथा' विधीतही धर्मगुरू आधी कानांना, मग मुखाला हात लावतात. मिस्सात हा उतारा आम्ही कितीदा ऐकला असेल! त्यातला क्रम मात्र त्या चुकीनंतर ध्यानी आला.

म्हणून थेरपीआधी 'बेरा' तपासणी. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा चिकटवून, आवाज कानातून मेंदूकडे कसा पोहोचतो हे यंत्रावर पाहतात, दुखत नाही. तोवर घरी त्याच्यासमोर बसून, आपले तोंड त्याला दिसेल असे भाकरी, पाणी, म्हैस म्हणावे आणि थांबावे. त्याने नुसते बोट दाखवले तरी ते उत्तरच समजावे.

"बोलेल का हो?" तिने शेवटी विचारलेच. तपासणीआधी काहीच सांगता येणार नाही, असे आम्ही म्हणालो. ते म्हणणे सोपे नसते. मग कोल्हापूरपर्यंतच्या सुमारे ५५ किलोमीटरांच्या प्रवासाचे बोलणे निघाले. एस.टी.त त्याला झोपू देऊ नका, नाहीतर इथे येऊन झोपणार नाही, असे बजावले.

"खिडकीशी बसवते," ती म्हणाली, "म्हशी दाखवत आणते. पहाटेची गाडी..."

फोन तुटला. आम्ही पुन्हा लावला.