कागद आहेत ना?

परवा शनिवारी सकाळी चँडलरला (ॲरिझोना) भाजी आणायला निघालो, तर मागे पोलिसांची गाडी! पोटात गोळाच आला. मागचा एक दिवा बंद होता, एवढंच. पोलिसाने लायसन्स बघितलं, दुरुस्त करून घे म्हणाला आणि गेला. माझा हात मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या आय-९४ च्या प्रिंटवर.

२०१० साली इथे एसबी १०७० कायदा झाला. परदेशी माणसाने कागद जवळ बाळगायचा नियम केंद्राचा, जुनाच. राज्याने तो आपलाही गुन्हा केला. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम उडवलं. पण पोलिसाने दुसऱ्या कारणाने अडवलं आणि संशय आला तर स्टेटस तपासायचं, हे कलम राहिलं. आता संशय कशावरून हो? रंग? ॲक्सेंट? ॲरिझोनाचं लायसन्स असलं की माणूस कायदेशीर धरावा, असंही त्याच कायद्यात आहे. मला हे पाठ होतं, तरी हात कप्प्यात!

केंद्र हलत नसेल तर राज्याने नुसतं बघत बसायचं का, हा इथल्यांचा सवाल खोटा नाही. पुण्यात हॉस्टेलवर 'बाहेरच्यां'बद्दल मीच तावातावाने बोलायचो की.

असो. आईला फोनवर मेथी मिळाली, एवढंच सांगितलं.