मोजमापाआधीची मांडणी

राज्य सरकारचे जलसंधारणाचे जलयुक्त शिवार अभियान यशस्वी झाले की फसले, हा वाद महाराष्ट्रात अजून मिटलेला नाही. एक बाजू पाण्याने भरलेल्या नाल्यांची छायाचित्रे पुढे करते. दुसरी बाजू 2018च्या ऑक्टोबरमध्ये 151 तालुक्यांत जाहीर झालेला दुष्काळ दाखवते. सुमारे 9,633 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढण्यात फारसे यश आले नाही, असा ठपका ‘कॅग’ने ज्या अहवालात ठेवला, तो 2020मध्ये विधिमंडळात आला. माझे म्हणणे असे की, हा वाद निकाली निघत नाही याचे कारण आकड्यांची टंचाई हे नाही. अभियानाने नेमके काय साधायचे ठरवले होते आणि त्यासाठी कोणती कामे केली, याची मांडणी कोणीच आधी नीट करून घेत नाही. मूल्यमापनाचे निम्मे काम या मांडणीतच असते.

डिसेंबर 2014मध्ये सुरू झालेल्या या अभियानाचे घोषवाक्य होते, 2019पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र. त्याखाली मात्र उद्दिष्टांची मोठी यादी होती: पाऊस शिवारातच अडवणे, भूजल वाढवणे, पिकांना संरक्षित पाणी देणे, बंद पडलेल्या पाणीपुरवठा योजना पुन्हा सुरू करणे, भूजल कायद्याची अंमलबजावणी करणे. कामांची यादी वेगळी होती: नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती, सिमेंट बंधारे, शेततळी, गाळ काढणे. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की लगेच दिसते, की बहुतेक कामे पाणी अडवण्याची आहेत. अडवलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकाला वापरायचे, हे ठरवणारे काम त्यांत जवळजवळ नाही. बंधाऱ्याच्या भरवशावर ऊस वाढला, तर उन्हाळ्यात टँकर येणारच. हा दोष एकही विहीर न मोजता कागदावरच सापडतो.

कामापासून परिणामापर्यंतची साखळीही अशीच उलगडून पाहावी लागते. अडवलेले पाणी टीसीएममध्ये मोजतात. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर पाणी. ऐकायला मोठे वाटते, पण एका हेक्टरवर पसरले तर जेमतेम दहा सेंटिमीटर भरते. त्यातही अभियानाच्या अहवालांत येते ती साठवण क्षमता. नाला किती वेळा भरला, किती पाणी मुरले आणि किती वाफ होऊन गेले, हे त्यातून कळत नाही. नाल्याच्या तळाशी मुरूम असेल तर पाणी विहिरीकडे झिरपते. अखंड काळा पाषाण लागला तर ते उन्हात तळपत बसते. खोदाई पाणी धरणाऱ्या थरात शिरली, तर जमिनीतलेच पाणी नाल्यात उतरते. एकच काम, पण तीन शिवारांत त्याचे तीन परिणाम. म्हणून ‘इतके किलोमीटर खोलीकरण’ हे अजून वर्णनही ठरत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की सरकारी उद्दिष्टे धरून बसलो तर परीक्षक त्यांचाच कैदी होतो. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी 1972मध्ये उद्दिष्टे बाजूला ठेवून मूल्यमापन करण्याची कल्पना मांडली, ती याच धोक्यापोटी, आणि तो धोका खरा आहे. पण उद्दिष्टे लिहून काढणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे. ती लिहिली की यादीत काय आलेच नाही, हेही दिसते. दुसरा आक्षेप, पाऊस कोणासाठी थांबत नाही. एवढा वेळ कुठून आणायचा? उलट, मांडणी नसेल तर चांगल्या पावसाचे श्रेय योजनेला मिळते आणि अवर्षणाचे खापरही तिच्याच माथी फुटते. दोन्ही वेळा शिकायला काहीच मिळत नाही.

2022च्या सत्तांतरानंतर अभियानाचा दुसरा टप्पा आला आहे. त्याचा हिशेब मागण्याआधी प्रत्येक ग्रामसभेने एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: आपल्या गावात काय बदलायचे आहे, त्यासाठी कोणते काम होणार आहे आणि त्या कामाने तो बदल कसा घडेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर जेसीबी बोलावू नये.