तीन आठवडे

आमच्या निपाणीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी दिनदर्शिका एकच टांगलेली असे. पण एप्रिल, मे आणि जून या तीन पानांवर माझ्या दोन रंगांच्या खुणा असत. लाल शाईची खूण मुलांच्या शाळेची, निळ्या शाईची माझ्या शाळेची. मुलांची शाळा निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. तिचा निकाल 10 एप्रिलच्या सुमारास लागे आणि सुट्टी सुरू होई. जूनच्या तोंडावर शाळा पुन्हा भरे. मी मराठीची शिक्षिका होते ती कागल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत, म्हणजे महाराष्ट्रात. आमच्या वार्षिक परीक्षा एप्रिलभर चालत, महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आणि निकाल आटोपला की आम्हाला सुट्टी लागे आणि ती जूनच्या मध्यापर्यंत पुरे. मधला मे महिना तेवढा दोन्ही रंगांचा. त्याच्या अलीकडचे तीन आठवडे मुले घरी आणि मी शाळेत. पलीकडचे दोन आठवडे मी घरी आणि मुले शाळेत.

सीमाभाग म्हटला की बाहेरच्या माणसाला 1 नोव्हेंबर 1956 आठवतो, महाजन आयोग आठवतो, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा आठवतो. आम्हालाही ते सारे आठवते. त्यातच आम्ही वाढलो. पण एखाद्या संसाराला सीमा रोज कुठे लागते, हे नकाशावरून कळत नाही. मला ती एप्रिलच्या पानावर लागे. निपाणीहून कागल अवघे वीसेक किलोमीटर. कोगनोळी मागे टाकले, दूधगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदले. भाषा तीच, जोंधळ्याची भाकरी तीच, उन्हाळाही तोच. बदलत असे ती फक्त सुट्टी.

यजमान बेळगावला नोकरीला होते. आठवडाभर तिथेच राहत आणि शनिवारी रात्री येत. एप्रिलमध्ये मी पहाटे साडेचारला उठे, दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवी, मुलांचे कपडे काढून ठेवी आणि सहाची गाडी पकडी. सकाळी पर्यवेक्षण, दुपारी उत्तरपत्रिका तपासणे. उरलेला गठ्ठा पिशवीत घालून घरी परतेपर्यंत चार वाजत. माहेर कोल्हापूरचे असूनही मुलांना मामाकडे पाठवायची सोय नव्हती, कारण मामाच्या मुलांच्या परीक्षाही त्याच दिवसांत. भावजय एकदा हसत म्हणाली, “वन्सं, तुमच्या पोरांना सुट्टी लागते तेव्हा आमची पोरं अभ्यासानं रडत असतात, आणि आमची खेळायला लागली की तुमची पाटी-दप्तर शोधतात.” तिच्या हसण्यात खोट नव्हती, तरी घरी येताना गाडीत ते वाक्य मला टोचत राहिले.

मग मुले कोणाजवळ राहत? आत्याबाईंजवळ. आमच्याकडे सासूला आत्या म्हणण्याची रीत आहे. फेब्रुवारी सरत आला की मी या तीन आठवड्यांच्या तयारीला लागे. मुख्याध्यापकांना भेटून पर्यवेक्षणाच्या पाळ्या मागेपुढे करून घेई. यजमानांना दोन दिवसांची रजा टाकायला सांगे. शेजारच्या काकूंना दुपारी एकदा डोकावून जाण्याची विनंती करी. मुलीला शुद्धलेखनाची वही आणि मुलाला पाढ्यांचा तक्ता नेमून देई. एवढ्या सगळ्यांना विचारत असताना आत्याबाईंना मात्र मी कधीच विचारले नाही. त्यांना फक्त सांगितले. “दहा तारखेपासून पोरांना सुट्टी आहे, आत्या,” असे म्हटले की त्या म्हणत, “तू जा गं, हाय की मी.” त्या सहा शब्दांवर माझी नोकरी चालत होती.

आज सांगते आहे ती गोष्ट 2000 सालची. मुलगी चौथीत होती आणि मुलाला सातवे लागले होते. त्या वर्षी चैत्र पौर्णिमा 18 एप्रिलला आली होती. जोतिबाची यात्रा. आत्याबाईंच्या माहेरचे लोक टेम्पो करून डोंगरावर निघाले होते आणि त्यांची धाकटी बहीण दोनदा निरोप देऊन गेली होती. मी वर्गांच्या याद्या करत बसले होते. आत्याबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “धाकटी बोलावतीया.” मी मान वर न करता विचारले, “कधी?” त्यांनी तारीख सांगितली. त्या दिवशी माझ्याकडे दोन पेपरांचे पर्यवेक्षण होते. मी काही म्हणण्याआधीच त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. देव काय कुठं पळून जातोय व्हय?” आणि भांडी घासायला वळल्या. मला सुटल्यासारखे वाटले. हे लिहिताना आज लाज वाटते. पण तेव्हा सुटल्यासारखेच वाटले होते.

पौर्णिमेच्या दिवशी साडेचारच्या सुमारास घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी सांगितले की, आजी दोन्ही नातवंडांना घेऊन बाराच्या आसपास कुठेतरी गेल्या आहेत. एप्रिलमधले बाराचे ऊन! पिशवी काकूंकडे टाकून मी निघाले. मुलांच्या शाळेचे पटांगण पाहिले, देऊळ पाहिले, बसस्थानकावर जाऊन चौकशी केली. त्या अर्ध्या-पाऊण तासात मनाने काय काय पाहिले ते लिहिण्यासारखे नाही. शेवटी एका पानपट्टीवाल्याने बोट दाखवले, “म्हातारी व्हय? जुन्या वखारीकडं गेली.”

निपाणी म्हणजे तंबाखू. विडीच्या तंबाखूची ही मोठी बाजारपेठ आणि वखारीवखारींतून तो कुटण्या-चाळण्याचे काम करीत त्या मुख्यतः बायका. आत्याबाईंनी अशाच एका वखारीत पंचवीस-तीस वर्षे काढली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचे काम सुटून वर्ष झाले होते, खोकला तेवढा राहिला होता. त्या वखारीविषयी घरात कोणी बोलत नसे. ती केव्हाच बंद पडली होती. पत्र्याचे छप्पर एका बाजूने खचलेले, दाराला गंजलेली साखळी. पुढच्या दगडी कट्ट्यावर आत्याबाई बसल्या होत्या, मुलगी त्यांच्या मांडीला टेकून झोपली होती आणि मुलगा दाराच्या फटीतून आत डोकावत होता.

माझा सगळा धसका रागाच्या रूपाने बाहेर पडला. “आत्या, एवढ्या उन्हात? आणि कोणाला न सांगता?”

त्या काही बोलल्या नाहीत. मुलगाच धावत आला आणि म्हणाला, “आई, बाबा इथं झोपायचे! पोत्यांवर! आज्जीनं दाखवलं.”

मी कट्ट्यावर बसले. बऱ्याच वेळाने आत्याबाई बोलू लागल्या. घरी मुलांना सांभाळणारे कोणी नव्हते. सासू लवकर गेलेली, नवरा हमालीला. म्हणून माझ्या यजमानांना त्या वखारीत घेऊन येत. बारदानाच्या थप्पीवर लुगड्याची घडी टाकून त्यांना निजवत आणि चाळणीला बसत. “लई शाणं पोरगं, रडत न्हाई, आसं म्हणायच्या बाया,” त्या म्हणाल्या. “मलाबी बरं वाटायचं. दीस दीस पडून ऱ्हायचं बघ. मागनं एका डाक्टरनं सांगितलं, शाणपण न्हवं त्ये. खकाण्याच्या वासानं गुंगी यायची लेकराला.” मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “आज यात्रेचा दीस. घरात करमंना. म्हटलं, पोरांस्नी दाखवावं त्यांचा बा कुठं वाढला.”

ज्या गुंगीला त्या शहाणपण समजल्या होत्या तिचे ओझे त्यांनी चाळीस वर्षे कोणाला दाखवले नव्हते. मी मात्र माझे ओझे रोज दिनदर्शिकेवर दोन रंगांत टांगत होते.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. 1948 च्या कारखाना कायद्याने ठरावीक संख्येहून अधिक बायका जिथे कामाला असतील तिथे पाळणाघर असावे अशी तरतूद केली होती. सहा वर्षांखालील मुलांसाठी. आत्याबाईंच्या वखारीत ते नव्हते. असे काही असते हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्या कायद्यातल्या ‘सहा वर्षां’पाशी मी थबकले. सहाव्या वर्षानंतर मूल शाळेत जाते, म्हणजे सांभाळले जाते, असा त्यामागे हिशेब असावा. पण शाळेला सुट्टी असते, हे त्या हिशेबात कुठे येते? आईच्या कामाला उन्हाळ्याची सुट्टी नसते. शिक्षिकेला असते, तर ती सीमेपलीकडची असते. ते दिवस कोणाच्याच वहीत लिहिलेले नसतात. ते घरातली एखादी म्हातारी स्वतःच्या अंगावर घेते, आणि तिने ते घेतले आहेत याची नोंदही होत नाही.

निपाणीच्या इतिहासात नोंदी आहेत. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि 6 एप्रिलला गोळीबार होऊन त्यांतले काही जण प्राणाला मुकले, याची नोंद आहे. त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकाराने तंबाखू कामगार बायका संघटित झाल्या. दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटाने 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला. तो मला फार उशिरा पाहायला मिळाला. पाहताना मी त्यातल्या प्रत्येक चेहऱ्यात आत्याबाईंना शोधत होते. त्या सापडल्या नाहीत. विचारायला त्याही उरल्या नव्हत्या.

2000 सालच्या जूनमध्ये मुलांची शाळा सुरू झाली. माझी सुट्टी अजून शिल्लक होती. ते दोन आठवडे मी दरवर्षी घर आवरण्यात, लोणची-पापडात आणि थोड्या विश्रांतीत घालवी. ते आपल्या हक्काचे आहेत असे मला वाटे. त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात, मुलांना शाळेत पोचवून, मी आत्याबाईंना म्हटले, “आत्या, तुम्हाला सवड असेल तर जोतिबाला जाऊया?” विचारण्याची सवय नव्हती, त्यामुळे वाक्य जरा अवघडून बाहेर पडले. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “आत्ता? यात्रा सरून दीड महिना झाला की.” तरी ट्रंकेतले हिरवे लुगडे काढायला त्यांनी वेळ लावला नाही.

डोंगरावर वळवाची एक सर येऊन गेली होती. यात्रेतला गुलाल पायऱ्यांच्या सांध्यांतून अजून गुलाबी दिसत होता. गर्दी नव्हती, सासनकाठ्या नव्हत्या, ‘चांगभलं’चा गजर नव्हता. आत्याबाईंना चढताना धाप लागत होती. प्रत्येक टप्प्यावर आम्ही बसत होतो. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “देव तेवढाच हाय गं. गर्दी न्हाई, एवढंच.” त्या बोलण्यात तक्रार होती की समाधान, हे मला तेव्हा उमगले नाही आणि आजही सांगता येणार नाही. पण त्यानंतर जूनचे ते दोन आठवडे त्यांचे झाले. कधी खोकल्यासाठी कोल्हापूरचा डॉक्टर, कधी धाकट्या बहिणीचे गाव, कधी नुसते ओसरीवर बसून त्यांचे बोलणे ऐकणे. एप्रिलचे तीन आठवडे त्यांनी दिले, त्याची फेड दोन आठवड्यांत होत नव्हती. पण उसने घेतले आहे एवढे तरी मला त्यातून कबूल करता आले. 2009 मध्ये त्या गेल्या.

आता मी निवृत्त आहे. मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्या मुलीची शाळा आणखी निराळ्या मंडळाची, त्यामुळे सुट्टीचे वेळापत्रकही आणखी निराळे. परवा तिचा फोन आला. “आई, पुढच्या महिन्यात पिल्लूला सुट्टी लागतेय. पंचवीस दिवस माझी काहीच सोय नाही.” मी तोंड उघडले आणि ओठांवर आलेले वाक्य ऐकून माझी मीच दचकले. “तू जा गं, आहे की मी.”

पण ते बोलायच्या आधीच ती म्हणाली, “थांब, आधी मला सांग, त्या दिवसांत तुझं काही ठरलंय का? तुझं ठरलं असेल तर मी दुसरं काही बघते.”

माझे काहीच ठरलेले नव्हते. तरी मी म्हटले, “थांब, बघून सांगते.” मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि ते पान उघडले. त्याच्यावर एकही खूण नव्हती. फोन कानाशी धरून मी उगीचच थोडा वेळ त्या पानाकडे पाहत उभी राहिले.